चारशे बारावी नोंद

माझ्या धंद्याला त्या वेळी नाव नव्हतं, म्हणून दारावर पाटीही नव्हती. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमचा दोन खोल्यांचा ब्लॉक. कोणी जिने चढून धापा टाकत आलं, की सासूबाई दार उघडायच्या आणि विचारायच्या, "काय गेलंय?" माणूस म्हणायचा, "फाइल गेलीय हो." मग त्या त्याला पाणी द्यायच्या, खुर्चीत बसवायच्या आणि सांगायच्या, "सून सातपर्यंत येते. तोवर त्या डब्याला हात लावू नका." आयुष्यात त्यांनी कॉम्प्युटर चालवला नाही, पण माझ्या कामाचा पहिला नियम त्यांना माझ्याइतकाच पाठ होता.

नोकरी ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत. सर्व्हिस इंजिनीअर. ऑफिसांमधले बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. ऐंशीच्या दशकात डिप्लोमा करून लागले, तेव्हा हातात टूलकिट घेऊन एखाद्या ऑफिसात शिरले की साहेब माझ्या मागे बघायचे. "इंजिनीअर गाडी लावतायत का?" मी म्हणायची, "तेच आलेत." मग चहा यायचा आणि काम संपेपर्यंत दोन-तीन माणसं खुर्च्या ओढून बघत बसायची.

यंत्र दुरुस्त व्हायचं. पण आत जे साठवलेलं होतं त्याचं काय, असं कोणी विचारलं की कंपनीचं उत्तर ठरलेलं होतं. डिस्क बदलून दिली, आमचं काम संपलं. हे उत्तर मला देववत नसे. समोरच्या माणसाचा चेहरा बघून मी हळूच म्हणायची, "जुनी डिस्क फेकू नका. रविवारी घरी घेऊन या." जोडधंदा सुरू झाला तो असा. अरुणने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, गॅलरी बंद करून मला एक टेबल करून दिलं. एवढीच आमची प्रयोगशाळा.

यात जादू काही नव्हती. वाचनालयात पुस्तकांची कार्डं असतात ना, तसं समजा. तुम्ही फाइल पुसता, तेव्हा कॉम्प्युटर फक्त कार्ड फाडतो. पुस्तक फळीवर तसंच असतं. त्या जागी दुसरं पुस्तक ठेवलं गेलं, की मात्र पहिलं गेलंच. म्हणून घाबरून चार बटणं दाबायची नाहीत, मशीन बंद करायचं. आणि मूळ डिस्कवर काम करायचं नाही. तिची नक्कल काढायची आणि जे काय शोधायचं ते नकलेत शोधायचं.

कल्याणच्या खाडीकाठच्या एका गावातून एक कोळी गृहस्थ आख्खा कॉम्प्युटर जाळ्यात बांधून रिक्षाने घेऊन आलेले. मच्छीमार सोसायटीच्या सभासदांची यादी त्यात होती आणि निवडणूक तोंडावर. "बाय, आमचे सगल्यांची नावा यात हान. मिलतील ना?" सगळी मिळाली. पुढच्या रविवारी ते सुक्या बोंबलांची जुडी ठेवून गेले. आमच्या घरात कोणी मासे खात नव्हतं, पण नको म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. शेजारच्या बाईंनी ते आनंदाने नेले आणि त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाची चौकशी करू लागल्या.

सगळं परत आलंच असं मात्र नाही. कल्याणच्या एका प्राध्यापकांचा प्रबंध मला आणता आला नाही. घरच्या कोणीतरी त्याच फ्लॉपीवर पत्त्यांचा खेळ उतरवून घेतला होता. "तुम्ही प्रयत्न केलात," असं म्हणून ते उठले आणि फ्लॉपी टेबलावरच ठेवून गेले. मी ती बरीच वर्षं जपून ठेवली. उपयोग काहीच नव्हता.

इथपर्यंत लोक माझ्याकडे येत ते 'गेलेलं परत आणा' म्हणून. 'कोणी घालवलं ते सांगा' असं पहिल्यांदा मला विचारलं मालतीबाईंनी.

मालतीबाई निवृत्त शिक्षिका. डोंबिवलीत त्या वधूवर सूचक मंडळ चालवत. नाव चांगलं होतं, ठाण्यापासून लोक यायचे. नव्वदनंतर त्यांनी सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर घेतल्या आणि त्यासाठी रंजना नावाची मुलगी ठेवली. विठ्ठलवाडीला राहणारी, तेवीस-चोवीस वर्षांची, घरात कमावणारी ती एकटी. त्या काळी आमच्यासारख्यांच्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं उमटत नसत. रंजना मराठीच लिहायची, पण इंग्रजी अक्षरांत.

एका शनिवारी बाई स्वतः तीन जिने चढून आल्या. पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "माझ्या मंडळाची अब्रू जायची वेळ आलीय."

झालं होतं असं. माजिवड्याचे सावंत म्हणून एक गृहस्थ होते. कारखान्यातून निवृत्त झालेले, बायको वारलेली, एकुलती एक मुलगी नीलिमा. दीड वर्षापूर्वी त्यांनी तिचं नाव मंडळात घातलं. सुरुवातीला काही चौकशा आल्या, नंतर त्या थांबल्या. सावंत दर महिन्याला माजिवड्याहून डोंबिवलीला येत आणि 'काही आलं का' विचारून परत जात. गेल्या आठवड्यात त्यांनी मंडळाची छापील यादी कोणाकडून तरी वाचून घेतली. चारशे अकरानंतर एकदम चारशे तेरा. मधली नोंद त्यांच्या मुलीची.

"ते म्हणतात, कोणीतरी मुद्दाम माझ्या मुलीचं नाव काढलं," बाई म्हणाल्या. "पोलिसांत जाईन म्हणाले. आणि त्यांचं चूक तरी कसं म्हणू? नाव खरंच नाहीये. एवढं शोधून द्या, कोणी केलं."

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला गुदगुल्या झाल्या. असलं काम परदेशात पोलिसांची माणसं करतात, असं मी मासिकात वाचलं होतं.

रविवारी सकाळी मी मंडळात गेले. नक्कल काढली आणि अर्ध्या तासात नोंद सापडली. माहिती ठेवायचा जो प्रोग्राम तिथे होता, त्यात नोंद काढली तरी ती जात नसे. तिच्यापुढे चांदणीची एक खूण (*) उमटे आणि यादीतून ती दिसेनाशी होई, इतकंच. चारशे बारा क्रमांक तिथेच होता, चांदणीसकट. नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण. शेवटच्या रकान्यात, अपेक्षा: वडील बरोबर राहतील. मी ते वाचलं आणि पुढे गेले.

आता प्रश्न, चांदणी कधी उमटली? रंजना दर शनिवारी सगळ्या नोंदी फ्लॉपीवर उतरवून ठेवायची. तीच फ्लॉपी पुन्हा वापरायला बाईंनी मनाई केली होती. "मुलांच्या जुन्या वह्या मी कधी फेकल्या नाहीत," असं त्या म्हणत. त्यामुळे बिस्किटांच्या दोन डब्यांत वर्षादीडवर्षाचे सगळे शनिवार ओळीने उभे होते. मी मधली फ्लॉपी काढली, चांदणी होती. तिच्या आधीच्यातली मधली काढली, नव्हती. असं करत करत दोन शनिवारांपर्यंत आले. एकात चांदणी नाही, पुढच्यात आहे. म्हणजे त्या आठवड्यात.

"त्या आठवड्यात मी सांगलीला बहिणीकडे गेले होते," बाई डायरी बघून म्हणाल्या.

"मग मशीनवर कोण होतं?"

त्यांनी रंजनाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मला ते पुरेसं वाटलं. "मग एकच माणूस उरतं, बाई," मी म्हणाले. हे वाक्य मी कोणत्या आवाजात बोलले ते मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते. सगळ्या फ्लॉप्यांच्या नकला घेऊन मी घरी आले आणि जेवताना अरुणला सगळी हकीकत रंगवून सांगितली.

मंगळवारी ठाण्याहून घरी आले, तर खुर्चीत रंजना बसलेली. सासूबाई तिच्यासमोर पोह्यांची बशी घेऊन उभ्या.

"ही दुपारपासून बसलीय," त्या म्हणाल्या. "पिशवीतला डबा तसाच भरलेला आहे. मी उघडून बघितला. अगं, घरून डबा घेऊन निघायचं आणि जेवायचं नाही, हे काय?"

रंजना खाली बघत म्हणाली, "बाईंनी काल सांगितलं, येऊ नको म्हणून. घरी सांगितलेलं नाही. आईने डबा दिला, तर काय म्हणणार? काल स्टेशनवर बसलेले. आज इथे आले."

मी म्हणाले, "रंजना, तू नाव काढलंस का?"

"काढलं."

"का?"

"ते नाही सांगू शकत, मॅडम. मी शब्द दिलाय. पण मी कोणाकडून काही घेतलं नाही, एवढं तुम्ही बाईंना सांगा. बाई शिक्षिका आहेत, त्यांना मी चोर वाटले ते मला सहन होत नाही."

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती बसून राहिली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. बशी जरा जोरात ठेवली.

मी गॅलरीतल्या टेबलाशी जाऊन मशीन लावलं. काहीतरी बघायचं राहिलंय, हे मला आता कळलं होतं. चांदणीच्या मागे लागून मी नोंद कधी नीट वाचलीच नव्हती. सगळ्यांत जुनी फ्लॉपी घातली. चारशे बारा. अपेक्षा: काही नाही. पुढची घातली. काही नाही. पाच महिने तेच. मग एका शनिवारी शेवटचा रकाना बदललेला: वडील बरोबर राहतील. चांदणी नाही. असे तीन-चार महिने. आणि त्यानंतर चांदणी.

मुलीचा फॉर्म सावंतांनी भरलेला. त्यांनी लिहिलं होतं, काही नाही. मग नंतर हे कोणी लिहवून घेतलं? बाप स्वतःबद्दल असं लिहवून घेणार नाही.

रंजना कधी माझ्या मागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही. पडद्यावरची ओळ तिने वाचली. "मी काही सांगितलेलं नाही हं, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही वाचलंत."

"नीलिमा आली होती?"

"दोनदा."

नीलिमा नौपाड्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होती. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी तिला गाठलं. सडसडीत, शांत मुलगी. कोण आहे ते सांगितल्यावर तिने हातमोजे काढले आणि मला मागच्या जिन्यात नेलं.

"बाबांचे डोळे जातायत," ती म्हणाली. "काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, पण जाणार. त्यांना वाटतं मला माहीत नाही. रोज पेपर धरून बसतात. एकदा उलटा धरलेला."

"आणि स्थळं?"

"पहिले काही महिने बाबाच सगळ्यांशी बोलायचे. म्हणायचे, माझी काळजी करू नका, मी गावाला जाणार. गावाला कोण आहे आमचं? घर बंद आहे, परड्यातल्या विहिरीला कठडा नाही. मग मी जाऊन ती ओळ घालून घेतली, आणि फोन मला लॅबमध्ये करा म्हणून सांगितलं. सात जणांनी फोन केले. सगळे चांगलं बोलायचे. शेवटी विचारायचे, वडील म्हणजे किती दिवस? एकाने विचारलं, दुसरी काही सोय होणार नाही का? आठव्याला मला उत्तर द्यायचं नव्हतं. म्हणून रंजनाला म्हटलं, नाव काढून टाक, आणि कोणाला सांगू नको. बाबांना कळलं की त्यांच्यामुळे, तर ते दुसऱ्या दिवशी बॅग भरतील."

"रंजनाची नोकरी गेलीय," मी म्हणाले.

तिला हे माहीत नव्हतं. ती जिन्यात खाली बसली. मग म्हणाली, "रविवारी बाबांना घेऊन येते. मीच सांगते."

त्या रविवारी मंडळात आम्ही पाच जण होतो. मालतीबाई, रंजना, मी, नीलिमा आणि सावंत. सावंत उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले. दारातून आत आले तेव्हा खुर्चीच्या पाठीला आधी हात लावला आणि मग बसले. माहीत नसतं तर माझ्या लक्षात आलं नसतं.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. "ही तुमच्या मुलीची नोंद. गेलेली नाही, झाकलेली होती."

त्यांनी पडद्याकडे तोंड केलं, पण नजर जरा बाजूलाच होती. "वाचून दाखवा," ते म्हणाले. "चष्मा विसरलोय." चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

मी वाचत गेले. नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण. मग शेवटची ओळ वाचली. "अपेक्षा, वडील बरोबर राहतील."

"हे मी लिहिलेलं नाही," सावंत म्हणाले.

"मी लिहवून घेतलं, बाबा," नीलिमा म्हणाली. "आणि नावसुद्धा मीच काढायला लावलं. रंजनाचा काही दोष नाही."

सावंतांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"दोन वर्षं झाली."

"मग मी पेपर वाचायचो तेव्हा?"

"तेव्हा पण."

ते हसले की काय, असं मला वाटलं. नीट सांगता येणार नाही. मग त्यांनी आवाजाच्या अंदाजाने रंजनाकडे तोंड वळवलं. "पोरी, तुला कामावरून काढलं का?"

"सहा दिवस झाले, काका."

"माझ्यामुळे झालं ते. मी पोलिसांचं नाव घ्यायला नको होतं." त्यांनी हात जोडले. रंजना घाईने पुढे झाली आणि तिने त्यांचे हात खाली केले.

मालतीबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण सूर वर्गातलाच. "रंजना, बस मशीनवर. आता नोंदीचं काय करायचं ते दोघं ठरवा."

"नाव परत घाला," सावंत म्हणाले. "ती शेवटची ओळ काढा."

"ओळ काढायची असेल तर नाव घालू नका," नीलिमा म्हणाली.

"मी काय कायम उरावर बसणार आहे तुझ्या?"

"बसा ना. मी कधी उठा म्हटलं?"

दोघंही सारखेच हट्टी. पाच-दहा मिनिटं हेच चाललं. शेवटी बाईंनी टेबलावर पट्टी आपटावी तसा पंजा आपटला. "वडिलांचं घर जवळ असावं. असं लिही, रंजना. बरोबर नाही आणि लांबही नाही. चालेल?"

सावंतांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला, म्हणजे चालणार होतं. रंजनाने ओळ बदलली आणि चांदणी काढली. त्याला एका बटणापेक्षा जास्त काही लागत नाही.

बाईंना फाइलला लावायला कागद हवा होता. माझ्या आयुष्यातला तपासाचा तो पहिला अहवाल. मी तिथेच हाताने लिहिला, चार ओळींचा. नोंद संबंधित व्यक्तीच्या सांगण्यावरून झाकली होती, आता पूर्ववत केली आहे, कर्मचाऱ्याचा दोष नाही. खाली सावंतांची सही हवी होती. त्यांनी पेन हातात घेतलं आणि थांबले. नीलिमाने त्यांचं बोट धरून कागदावर जिथे सही करायची तिथे टेकवलं. त्यांनी करू दिलं. सही जरा तिरकी आली, पण नाव पूर्ण आलं.

रंजना मंडळात परतली, पण वर्षभरच टिकली. बाईंनी तिची माफी मागितली होती, तरी दोघींचं पहिल्यासारखं जमेना. मीच तिला म्हटलं, माझ्याकडे ये. मी नोकरी सोडली तेव्हा ती भागीदार झाली, आणि आम्ही गॅलरीतून खाली तळमजल्यावरच्या गाळ्यात गेलो. बँका, पतपेढ्या, कारखाने, सगळीकडून 'कोणी केलं' विचारणारे येऊ लागले. अहवालात कोणाचं नाव लिहायची वेळ आली, की रंजना मला विचारायची, "भेटलात का त्याला?" भेटले नसेन तर ती कागद टाइप करत नसे. उशीर होतो म्हणून काही गिऱ्हाइकं तुटली. तुटू दिली. पण त्या पहिल्या रविवारी मी बाईंना जे बोलले, ते काही परत घेता आलं नाही.

नीलिमाचं लग्न जमायला दोन वर्षं लागली. मुलगा माजिवड्याचाच, एका छापखान्यात काम करणारा. सावंतांच्या सोसायटीच्या पलीकडच्या इमारतीत त्यांनी भाड्याने जागा घेतली. मी एकदा कामासाठी त्या बाजूला गेले होते, तेव्हा सावंतांकडे डोकावले. आता त्यांना उजेडापलीकडे काही दिसत नव्हतं. माझा आवाज मात्र त्यांनी पहिल्या शब्दाला ओळखला. त्यांनी स्वतः चहा केला, सगळे डबे हाताने चाचपून, आणि मला उठूही दिलं नाही.

"जावई कसे आहेत?" मी विचारलं.

"रोज सकाळी येतो, पेपर वाचून दाखवायला," ते म्हणाले. "पण छापखान्यातला माणूस. बातमीपेक्षा शुद्धलेखनाच्या चुकाच जास्त सांगतो. अग्रलेख तर घाईघाईत उरकतो. मग मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावतो."

"आणि वाचतात ते?"

"वाचतो ना," सावंत म्हणाले, आणि बशी माझ्याकडे सरकवली.